आवरणे आणि सावरणे

रुग्णालयात आपल्या घरातील वृद्ध माणसाचे मनगट खाटेच्या दांडीला बँडेजच्या पट्टीने बांधलेले पाहण्याचा प्रसंग अनेक कुटुंबांवर येतो. विचारणा केली, तर ‘पेशंट सारखे सलाईन उपटतात’ असे उत्तर मिळते, आणि ते बहुधा खरेच असते. रात्रपाळीच्या एकट्या परिचारिकेकडे भरलेला वॉर्ड असतो. हात बांधला की गडबड थांबते. म्हणून तो उपाय परिणामकारक मानला जातो. परंतु परिणाम नेमका कोणावर झाला? वॉर्ड शांत होणे आणि रुग्णाचे दुःख शमणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीला आवरणे म्हणावे, दुसरीला सावरणे.

हा भेद नवा नाही. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात १७९७ मध्ये मनोरुग्णांच्या साखळ्या काढण्यात आल्या. त्याचे श्रेय फिलिप पिनेल यांना दिले जाते. प्रत्यक्षात ते काम तेथील व्यवस्थापक जाँ-बातिस्त प्युसँ यांनी केले. प्युसँ स्वतः एके काळी गंडमाळेचे रुग्ण म्हणून त्याच संस्थेत दाखल झाले होते, आणि सेवकवर्ग नेमताना बरे झालेल्या रुग्णांना ते प्राधान्य देत. पुढे १८३९ मध्ये जॉन कॉनोली यांनी लंडनजवळच्या हॅनवेल येथे, सुमारे आठशे रुग्णांच्या संस्थेत, बांधण्याची सर्व साधने बंद केली. साखळी काढली की तिची जागा माणसाने घ्यावी लागते, हे दोघांनाही ठाऊक होते.

आपल्याकडे याची जाणीव फार महाग पडली. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. साखळ्यांनी जखडलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत. अठ्ठावीस जणांचा मृत्यू झाला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळदंडांना सर्वस्वी बंदी केली. जवळ येऊन ठेपलेली इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल, तेवढ्यापुरतेच रुग्णाला बांधण्यास त्याने मुभा दिली. शिक्षा म्हणून, अथवा केवळ सेवकवर्ग अपुरा आहे म्हणून, बांधण्यास मनाई केली. हा कायदा मानसिक आरोग्यसंस्थांसाठी आहे. तथापि त्यामागील न्याय कोणत्याही वॉर्डाला लागू पडावा असाच आहे.

व्यवहारातही आवरण्याचे उपाय फारसे टिकत नाहीत. बांधलेला भ्रमिष्ट रुग्ण अधिक धडपडतो. त्याला शय्याव्रण होतात, स्नायू दुबळे पडतात, भ्रम वाढतो. दटावणे, वाद घालणे, ‘तुमची मुलगी यायची नाही’ अशी धमकी देणे, यांनी भीती वाढते, आणि भ्यालेला माणूसच हात उगारतो. याउलट अनुभवी परिचारिका प्रथम कारण शोधते. लघवी तुंबली आहे काय? शौचास झाले नाही काय? कोठे दुखते काय? चष्मा वा कानातले यंत्र घरी राहिले काय? ती समोरून येते, नाव घेऊन हाक मारते, एका वेळी एकच गोष्ट सांगते आणि उत्तरासाठी थांबते. ‘आंघोळ करा’ न म्हणता ‘आता करायची की चहानंतर?’ असे विचारते. अनावर वर्तन ही पुष्कळदा शब्द हरपलेल्या माणसाची तक्रार असते, हे तिने ओळखलेले असते.

तरीही गोड उपाय तेवढे नीतिमान, असे म्हणता येत नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेतील मनोरुग्णालयांत चांगल्या वागणुकीबद्दल टोकन देण्याची पद्धत आली. ती परिणामकारक ठरली. परंतु काही ठिकाणी चांगले जेवण, खासगी खोली हीही त्या टोकनांनी विकत घ्यावी लागत. अलाबामातील वायट खटल्यात १९७२ मध्ये न्यायालयाने रुग्णांसाठी किमान सोयींची मानके ठरवून दिली, आणि जे हक्काचे आहे ते बक्षीस म्हणून देता येणार नाही, हे स्पष्ट होत गेले. रुग्णाचे वर्तन बदलणे हे ज्याच्या हाती आहे, त्याच्या हाती सत्ता आहे. ती मायेने वापरली तरी सत्ताच राहते. म्हणून प्रत्येक उपायास एक प्रश्न विचारावा: रुग्ण उद्या शुद्धीवर आला, तर हा उपाय त्याला उघडपणे सांगता येईल काय?

याचा अर्थ हात कधीच धरू नये, असा नव्हे. श्वासनलिकेतील नळी उपटू पाहणाऱ्या रुग्णाचा हात क्षणभर धरावाच लागेल, आणि मार खाणाऱ्या परिचारिकेची सुरक्षितताही नैतिक प्रश्नच आहे. मात्र तेव्हा बांधणे ही चिकित्सा नसून नाइलाज आहे, असे नोंदीत लिहिले जावे आणि पट्टी कधी सुटणार तेही लिहिले जावे.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या आपल्या घरांना यात आणखी एक कर्तव्य आहे. स्मृतिभ्रंशात मागाहून शिकलेली भाषा पुष्कळदा आधी जाते. आयुष्यभर गुजराती, कन्नड वा हिंदीत व्यवहार केलेल्या आजी अखेरीस मराठीतच पाणी मागतात, आणि ते न कळल्यामुळे ‘ऐकत नाहीत’ असा शेरा त्यांच्या कागदावर पडतो. अशा वेळी पाणी, दुखणे, शौच यांचे आठ-दहा मराठी शब्द स्थानिक लिपीत लिहून खाटेपाशी लावावेत, आणि घरातील कोणीतरी रात्री उशाशी बसावे. बांधण्याच्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी एवढे तरी आपल्याकडून झालेले असावे.