खाट उचलणारे चौघे

मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळच्या मुलुखात मोहाची दारू केवळ नशेसाठी नसते. वारली समाजात देवाला आणि पूर्वजांना ती अर्पण होते, लग्नविधीत तिला मान असतो. आपल्या वेदीवरही द्राक्षारस आहेच. म्हणजे दोष पेयाचा नव्हे. सर्वांनी मिळून घ्यायचे ते माणूस एकटा, लपूनछपून घेऊ लागला की गुलामी जवळ येते.

‘मनाचा निश्चय हवा,’ असे आपण व्यसनी माणसाला सहज सांगतो. परंतु व्यसन नेमका तो निश्चयच पोखरते. लुळ्या पडलेल्या पायांना ‘चाला’ म्हणण्यात कोणता न्याय?

1935 साली अमेरिकेतील ॲक्रन शहरी बिल विल्सन हा नुकताच दारू सोडलेला गृहस्थ व्यवसायात अपयशी होऊन मोहाच्या उंबरठ्यावर उभा होता. स्वतः वाचावे म्हणून त्याने दुसरा मद्यपी शोधला. त्याचे नाव डॉ. बॉब स्मिथ. त्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ जन्मास आली. तिची पहिली पायरी आपली असहायता मान्य करण्याची, तर बारावी दुसऱ्या पीडिताकडे जाण्याची.

आपल्याकडे फादर जो परेरा स्वतः दारूच्या विळख्यातून बाहेर आले आणि 1981 साली त्यांनी वांद्र्याला ‘कृपा’ संस्था स्थापिली. बारा पायऱ्यांना त्यांनी आपले गुरू बी. के. एस. अय्यंगार यांच्या योगसाधनेची जोड दिली. सूर्यमाळच्याच पालघर जिल्ह्यात, वसईला, या संस्थेचे केंद्र आहे. शरीराच्या यातनांसाठी वैद्य हवाच. परंतु आसन, प्रार्थना, मौन आणि सोबत्यांसमोर सांगितलेले सत्य यांनी ‘फक्त आजचा दिवस’ निभावतो, आणि असे दिवस साठत जातात.

मग कृपा फुकट मिळते की कष्टाने? शुभवर्तमानातील पक्षाघाती आठवावा. चौघांनी छप्पर उसकटून त्याला खाली सोडले. प्रभूने त्या सर्वांचा विश्वास पाहिला. बरा झाल्यावर मात्र खाट त्याला स्वतःच उचलावी लागली. आधी इतरांचे खांदे, मग स्वतःचे. क्रम उलटा केला की आपण उपदेश करीत बसतो.

आपल्या धर्मग्रामात ते चौघे कोण? लग्नाच्या मांडवात पेला नाकारणाऱ्याला आग्रह करणारे आपण, की त्याच्या शेजारी सरबत घेऊन बसणारे? लाजेने मिस्सा टाळणाऱ्या त्याच्या पत्नीकडे संध्याकाळी कोण जाते?

सूर्यमाळच्या एखाद्या पाड्यापासून उपचारकेंद्र दूर असेल. परंतु तिथेही दोन माणसे समोरासमोर बसून खरे बोलू शकतात. ॲक्रनलाही आरंभी दोघेच होते.