चामड्याची वाटी

क्रेनचा भार कोण पेलतं? तुम्ही म्हणाल, तेल. पण जॅकमधलं तेल अडवून धरतं ते सील. 100 मिलिमीटरच्या पिस्टनवर 200 बार दाब म्हणजे जवळपास 16 टन. तेवढं त्या रबरी ओठावर! रॉडवर ओरखडा असला तर आधी हार्ड क्रोम करून घ्यायचा, नाहीतर नाना पेठेतून आणलेलं नवंकोरं सीलही फाटतं. ओठ दाबाकडं ठेवून बसवायचा. उलटा बसला की भार खाली येतो, आणि खाली माणूस असतो.

हा ओठ मुळात चामड्याचा. 1795 साली लंडनच्या जोसेफ ब्रामानं पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं. पण पाणी गळायचं. चामड्याची वाटी बसवून ते थांबवलं त्याच्याच कारखान्यातल्या हेन्री मॉड्सलेनं, असं सांगतात. पुढं त्यानं पगारवाढ मागितली. नाही मिळाली.

आपल्याकडं विहिरीवरची मोट चामड्याची होती. तिचं पाणी गावाला चाललं. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा मात्र तळं शुद्ध करायला शेण-गोमूत्राच्या घागरी ओतल्या. म्हंजे विटाळ कातड्यात नव्हताच. काम घ्यायचं, माणूस नाकारायचा, आणि त्याला विटाळ म्हणायचं.

आपले शिकलेले मित्र म्हणतात, असली काळ्या हातांची कामं सोडा. सक्तीची सोडलीच पाहिजेत. मेलेली ढोरं ओढणं सोडलं ते बेस झालं. पण हातातली विद्याही टाकायची? मला पटत नाही. मिलमध्ये जॅक मी बांधतो, चाचणीच्या कागदावर सही दुसऱ्याची. ती सही मी मागितली आहे. लेखी.