मध्यस्थ आणि अमानत

पावसाळ्यात शुक नदीला पूर आला की खारेपाटणच्या बाजारपेठेत पाणी शिरते आणि माल वरच्या फळीवर चढवताना दुकानदाराला विम्याची आठवण होते. महामार्गावर गाडी चालवणाऱ्याला तर निवडीची मुभाच नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा केला आहे. विम्याच्या वैधतेविषयी आलिमांमध्ये चर्चा झाली आहे. १९८५ साली जेद्दा येथील इस्लामी फिक्ह अकादमीने ठरावीक हप्त्यांचा व्यापारी विमा निषिद्ध ठरवला आणि परस्पर साहाय्यावर आधारित सहकारी विम्याचा पर्याय दाखवला. आपल्या परिस्थितीत काय करावे, हे विश्वासू आलिमांना विचारावे. मात्र विमा सक्तीचा असो वा विचारपूर्वक घेतलेला, मध्यस्थाशी गाठ पडतेच. तेव्हा प्रश्न उरतो: काम दुसऱ्यावर सोपवले म्हणजे आपली जबाबदारी संपते का?

प्रथम मध्यस्थाची बाजू पाहा. कायद्याने एजंट हा विमा कंपनीचा प्रतिनिधी असतो, तर ब्रोकर ग्राहकाचा. तरीही दोघांना कमिशन बहुधा कंपनीकडूनच मिळते. मोबदला घेणे गैर नाही. पण ज्या पॉलिसीत कमिशन अधिक, तीच ग्राहकाच्या हिताची म्हणून सांगणे हा विश्वासघात आहे. ज्याचा सल्ला घेतला जातो तो अमानतदार असतो, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. हजरत कैस बिन अबू गरजा (रजि.) सांगतात की, मदीनेच्या बाजारातील लोकांना दलाल म्हटले जाई, प्रेषितांनी (स.) त्यांना व्यापारी हे अधिक चांगले नाव दिले आणि व्यवहारात निरर्थक बोलणे व शपथा मिसळतात म्हणून त्यासोबत सदका करण्यास सांगितले. सन्मान दिला, पण धोक्याची जाणीवही करून दिली.

आता आपली बाजू. प्रस्ताव अर्जात मधुमेह लपवला आणि 'एजंटनेच तसे लिहिले' असे आपण म्हणालो, तरी सही आपलीच असते. पुढे दावा नाकारला गेला तर त्या असत्याची किंमत विधवेला आणि अनाथ मुलांना मोजावी लागते. ज्यांच्या संरक्षणासाठी विमा घेतला, त्यांच्यावरच हा अन्याय होतो.

आपल्या गावांत विमा आणणारा अनेकदा नात्यातला किंवा मोहल्ल्यातला असतो. त्याला नोंदणी, कमिशन, कशाची भरपाई मिळणार नाही, हे विचारणे संकोचाचे वाटते. परंतु पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लिहून घेणे म्हणजे अविश्वास नव्हे. नाते वादापासून वाचवण्याचा तो मार्ग आहे.

म्हणून नियामक प्राधिकरणाची नोंदणी तपासा. पावती स्वतःच्या नावाने घ्या. पॉलिसी हाती येताच वाचा; आयुर्विमा व आरोग्य विमा पटला नाही तर तो परत करण्यास ३० दिवसांची मुदत असते. कंपनीने तक्रारीची दखल घेतली नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण जाणतो. दोरी दुसऱ्याच्या हाती दिली, तरी गाठ पक्की आहे की नाही हे पाहणे आपलेच कर्तव्य आहे.