दृष्टीआड सृष्टी

क्योतो शहरात र्योआनजी नावाचे एक मंदिर आहे. त्याच्या अंगणात पांढऱ्या खडीवर पंधरा शिळा मांडल्या आहेत. पण ओसरीवर कोठेही बसा, एखादी तरी शिळा इतरांच्या आड राहतेच. त्या ओसरीवर मी बसलो असता माझे चित्त शिळांवर ठरेना. माझ्यापूर्वी या नगरीत येऊन गेलेल्या एका प्रवाशाकडे ते वारंवार धावू लागले.

तो प्रवासी म्हणजे हेन्री स्टिम्सन. १९२६ मध्ये तो क्योतो पाहून गेला. १९४५ मध्ये तोच गृहस्थ अमेरिकेचा युद्धमंत्री होता, आणि अणुबाँबसाठी निवडलेल्या शहरांची यादी त्याच्यापुढे आली. तीत क्योतो अग्रभागी होते. सेनापती ग्रोव्ह्ज यांचा आग्रह न जुमानता स्टिम्सनने ते नाव खोडले व अध्यक्ष ट्रुमन यांची त्यास संमती मिळविली. जुलैच्या अखेरीस यादीत नागासाकीची भर पडली. ९ ऑगस्टला विमान प्रथम कोकुरावर गेले. तेथे लक्ष्य दिसेना, म्हणून ते नागासाकीकडे वळले.

स्टिम्सन तेथे मधुचंद्रासाठी गेला होता अशी एक गोड कथा सांगतात. त्याचा विवाह १८९३ मधला, तेव्हा ती सोडून द्यावी. जुनी राजधानी जाळली तर जपानी लोकांच्या मनातील कटुता कधीच शमणार नाही व ते रशियाकडे झुकतील, हे त्याने दिलेले कारण मुत्सद्द्यास शोभणारे आहे आणि खोटेही नसावे. तथापि ज्याने ते शहर डोळ्यांनी पाहिले होते त्यालाच हे कारण इतके तीव्रतेने सुचावे, हा निव्वळ योगायोग म्हणण्यास माझे मन धजत नाही.

प्रवासाने मन उदार होते, असे आम्ही विद्यार्थ्यांना निबंधात लिहावयास लावतो. येथे तर एका प्रवासाने एक नगर वाचविले! पण जी करुणा डोळ्यांनी पाहिल्यावाचून जागी होत नाही, तिला करुणा म्हणावे की आवड? नागासाकीची पोरे क्योतोच्या पोरांहून कोणत्या गुणात उणी होती? कोणी म्हणेल, बुडणाऱ्या दोघांपैकी एकाला ज्याने काढले त्याला दुसऱ्याचा मारेकरी म्हणू नये. दृष्टांत चांगला आहे. पण तो काठावरच्या माणसाला लागू पडतो. हा तर ढकलणाऱ्यांपैकीच एक होता, आणि कोणाला ढकलू नये एवढेच त्याने आपल्या अभिरुचीप्रमाणे ठरविले.

मी हिंगोलीचा. आमच्याकडे औंढा नागनाथ आहे, नामदेवांचे नरसी आहे. भाविकांची रीघ लागते, पण परदेशचा कोणी मंत्री रजा काढून तिकडे येईल असा संभव नाही. अशा गावाचे नाव कोणाच्या यादीत चढले, तर ते खोडील कोण?

हा प्रश्न मनात घोळवीतच मी नागासाकीची गाडी धरली. वाटेत कोकुरा स्थानक लागले. माझ्या टिपणात त्या शहरासाठी एकही दिवस नव्हता. तेथे पाहण्याजोगे काही नाही, असे मार्गदर्शक पुस्तक चाळून मीच घरी ठरविले होते. फलाटावर शाळेची काही मुले उभी होती. दोन-तीन मिनिटांनी गाडी सुटली.