सहाध्ययन आणि परोपकार

अमेरिकेंत कॉलेज बोर्डाची ‘अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ रसायनशास्त्राची परीक्षा मे महिन्यांत होते. तिच्यासाठीं शाळकरी मुलें एकत्र बसतात. एक रासायनिक समतोलाचें गणित सोडवून दाखवितो, दुसरा बफर द्रावण समजावितो. तेथें गुण १ ते ५. क्रमांक लागत नाहीं. सोबत्यास ५ मिळाले म्हणून आपले घटत नाहींत. मग या साहाय्यास परोपकार म्हणावें काय? आमच्या मतें नाहीं. शिकवितांना शिकविणाराच पक्का होतो, हें आम्ही वर्गांत नित्य अनुभवितों. सौजन्य खरें, पण फुकटचें! आपल्याकडे आयआयटीचा प्रवेश क्रमांकावर ठरतो. तेथें शेजाऱ्याची शंका फेडणारा स्वतःचेंच स्थान धोक्यांत घालतो. असा एक विद्यार्थी आम्हीं पाहिला. कारण विचारतां तो म्हणाला, ‘‘सर, त्याचें अडलें होतें.’’