प्रयोगाची जोखीम कोणी उचलावी?

शेतकऱ्यास नवे काही शिकविण्याचा विचार राज्यकर्त्यांच्या व विद्वानांच्या मनात जेव्हा जेव्हा आला, तेव्हा तेव्हा बहुधा असेच गृहीत धरले गेले की, त्याच्यापाशी उणीव आहे ती ज्ञानाची, आणि ती भरून काढली म्हणजे त्याचे शिवार आपोआप पिकेल. या गृहीतात सत्याचा अंश आहे. परंतु जिराईत मुलखातील तीन-चार एकरांचा खातेदार मृगाच्या तोंडावर बियाणे हाती घेऊन उभा राहतो, तेव्हा त्याच्यापुढील प्रश्न निव्वळ ज्ञानाचा नसतो. नवे वाण फसले, तर वर्षाची भाकर, सोसायटीचे कर्ज आणि घरात ठरलेले लग्न ही तिन्ही एकाच हंगामात संकटात येतात. अशा स्थितीत जुन्या वहिवाटीस धरून राहणाऱ्याला अडाणी म्हणणे हा त्याच्या विवेकाचा अपमान आहे. माझ्या मते कृषिविस्ताराचा मूळ प्रश्न प्रयोगाची जोखीम कोणी उचलावयाची हाच होय, आणि ग्रामीण तरुणांसाठी चालणाऱ्या उपक्रमांचे मोलही त्याच कसोटीवर ठरते.

या प्रश्नाचे एक स्वच्छ उत्तर अमेरिकेतील टेक्सस राज्यात टेरेल या गावी 1903 साली मिळाले. मेक्सिकोतून शिरलेल्या बोंडभुंग्याने त्या मुलखातील कपाशीची धूळधाण चालविली होती. आणि सरकारी खर्चाने कसलेल्या जमिनीवरचे यश शेतकऱ्यांना पटत नव्हते, कारण तो हिशेब आपल्या संसारास लागू पडत नाही हे ते जाणून होते. तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर असलेल्या सीमन नॅप या कृषितज्ज्ञाने वॉल्टर पोर्टर या शेतकऱ्याच्याच जमिनीचा एक भाग प्रयोगासाठी घेतला. नांगरट, पेरणी व मशागत पोर्टरने करावी, नॅपने केवळ मार्ग दाखवावा, आणि नुकसान झाल्यास ते भरून देण्यासाठी गावातील व्यापारी व नागरिक यांनी निधीची हमी द्यावी, असे ठरले. हंगामाअखेर पोर्टरला जुन्या रीतीपेक्षा सुमारे 700 डॉलर अधिक सुटले, आणि त्या निधीस हात लावण्याची पाळीच आली नाही. पुढे 1914 च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने तेथे कृषिविस्ताराची जी देशव्यापी यंत्रणा उभी राहिली, तिच्या मुळाशी हेच प्रात्यक्षिक होते. त्याच काळात टस्कीगी येथे, वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे मराठी वाचकांच्या घरचे झालेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर, रासायनिक खते विकत घेण्याची ऐपत नसलेल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना दलदलीतील गाळ व पालापाचोळा शेतात घालण्यास शिकवीत होते. ज्या प्रयोगास पदरचा पैसा लागत नाही, तो गरिबालाही करून पाहता येतो, हे त्यांनी ओळखले होते.

तरुणांच्या मंडळांचा उगमही याच विचारात सापडतो. ओहायो राज्यात ए. बी. ग्रॅहम या शिक्षकाने 1902 साली मुलामुलींचे शेतकी मंडळ काढले. पुढे दक्षिणेकडील राज्यांत मक्याची मंडळे पसरली, आणि त्यांत प्रत्येक मुलाने वडिलांच्या शेतातील एक एकर स्वतःच्या जबाबदारीने करावा असा दंडक होता. दक्षिण कॅरोलायना राज्यातील जेरी मूर या मुलाने 1910 साली आपल्या एका एकरात सव्वादोनशे बुशेलांहून अधिक मका काढला, तेव्हा जाणत्या शेतकऱ्यांनीही तोंडात बोट घातले. तथापि मला अधिक महत्त्वाची वाटते ती या मंडळांची परीक्षापद्धती. तीत उत्पन्नाइतकेच गुण नफ्याला होते, आणि मुलाने स्वतः लिहिलेल्या हकिगतीलाही गुण होते. त्याच राज्यात मेरी क्रोमर या शिक्षिकेने मुलींची टोमॅटो मंडळे सुरू केली व प्रत्येकीस एकराचा दहावा हिस्सा, म्हणजे आपल्या मापाने चार गुंठे, करावयास दिला. एवढ्या तुकड्याचे नुकसान कोणतेही घर सोसू शकते; आणि बापाने सरकारी माणसाचे जे ऐकले नसते, ते स्वतःच्याच बांधापलीकडे त्याला डोळ्यांनी दिसते.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. शेतकीची प्रदर्शने भरवावीत, औत हाकण्याच्या परीक्षा घेऊन बक्षिसे द्यावीत, आणि शेतकऱ्यांच्या मुलांना परदेशातील शेतकी शाळा दाखवाव्यात, अशा सूचना जोतीराव फुल्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना केल्या होत्या. स्वातंत्र्यानंतर 2 ऑक्टोबर 1952 रोजी 55 प्रकल्पांनिशी सामूहिक विकास योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवा आली, आणि ग्रामसेवक गावोगाव हिंडू लागला. त्याच्या कष्टांविषयी मला आदरच आहे. परंतु वाटलेले बियाणे व भरलेल्या सभा यांची नोंद दप्तरात होत असताना, प्रयोग फसल्यास भरपाई कोणी करावयाची याची तरतूद मात्र झाली नाही, आणि कालांतराने ग्रामपंचायतीच्या कारभारातच तो गुंतून पडला. आज कृषी महाविद्यालयांचे अखेरच्या वर्षाचे विद्यार्थी कृषिदूत व कृषिकन्या म्हणून गावात येतात, बीजप्रक्रिया व माती परीक्षण यांची प्रात्यक्षिके दाखवितात. हा उपक्रम स्तुत्य आहे. पण ते परत गेल्यावर जो मुलगा गावातच राहणार, आणि सातबाऱ्यावर नाव नसतानाही जी मुलगी शेतात राबणार, त्यांच्या हाती स्वतःची म्हणावी अशी जमीन एका हंगामापुरतीही येत नाही.

म्हणून प्रत्येक शेतकरी कुटुंबाने येत्या खरिपात चार गुंठे मुलाच्या किंवा मुलीच्या स्वाधीन करावेत. पीक त्याने निवडावे, चूकही त्याची असावी आणि जमाखर्चाची वही त्याने स्वतः लिहावी. शाळेने ती वही तपासावी, कृषी सहायकाने हंगामात अधूनमधून बांधावर यावे, आणि सोसायटीने व ग्रामपंचायतीने मिळून नुकसानभरपाईचा एक लहान निधी आधीच बाजूला काढावा. या निधीला मोठी रक्कम लागणार नाही. जे गाव आपल्या मुलांच्या चार गुंठ्यांची जोखीम घेण्यास तयार नाही, त्याने ती मुले शेती सोडून जातात अशी तक्रार करू नये.