सतरा फॉन्ट
कोपरीत अष्टविनायक चौकाजवळच्या एका गाळ्यात मामा पाट्या रंगवत. कामं केव्हाच फ्लेक्सवाल्यांकडे गेली. ब्रश तेवढे डब्यात उभे होते. भाचा तिथंच लॅपटॉप घेऊन बसे. मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेची ३१२ प्रमाणपत्रं त्याच्या गळ्यात पडली होती. कोऱ्या प्रमाणपत्राच्या चित्रावर एकेक नाव उमटवायचं. त्यानं पर्लमध्ये, जीडी ही चित्रांची लायब्ररी वापरून, छोटा प्रोग्राम लिहिला.

पहिल्या खेपेला नावांच्या जागी नुसते चौकोन. डेजावू सान्स फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच, हे लगेच उमगलं. नोटो फॉन्ट लावला. मग अक्षरं आली. पण 'स्मिता'तला स पाय मोडलेला, म अख्खा, आणि पहिली वेलांटी म उलटून गेल्यावर, कमान 'ता'च्या डोक्यावर.

"फॉन्टच भिकार," भाचा म्हणाला. लोहित, मुक्ता, बालू करत रात्री अकरापर्यंत सतरा झाले.

मामांनी सतराही कागद फरशीवर मांडले. "वळणं सतरा, आणि वेलांटी सगळ्यांची एकाच जागी चुकते? सतरा पेंटर एकाच अक्षरावर घसरले, तर मी पेंटरांना नाही बोलणार."

"हाच फॉन्ट ब्राउझरमध्ये तर नीट..." भाचा बोलता बोलता थबकला.

अर्धा स फॉन्टमध्ये होताच. युनिकोडमध्ये पहिली वेलांटी व्यंजनानंतर साठवतात, दिसते मात्र आधी. ही उलटापालट हार्फबझसारखी मांडणी करणारी लायब्ररी करते. फ्रीटाइप फक्त एकेक आकार रंगवून देतं, आणि भाच्याकडचं जीडी थेट त्याच्याकडेच जात होतं.

"म्हणजे रंगारी आहे, आखणीवाला नाही," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पर्लमधूनच मांडणीला पँगो आणि रंगवायला कैरो वापरले. दुपारपर्यंत 'स्मिता' नीट बसली. छापून झालेला गठ्ठा मामा चाळत होते. एका आडनावावर बोट थांबलं: 'कुर्हाडे'.

"ह वर रफार? कुऱ्हाडे ना रे?"

भाच्याचा हात सवयीनं फॉन्टच्या फोल्डरकडे गेला. मग त्यानं तो बंद केला आणि मंडळानं पाठवलेली यादी उघडली. तिथं साधाच र होता, खाली टिंब असलेला ऱ नव्हता.